सूचीत शेख कुठे, सय्यद कुठे?

मराठीतले इतिहासाचे किंवा समाजशास्त्राचे पुस्तक हातात आले की शेवटची पाने आधी उघडून पाहावीत. बहुतेकदा तिथे प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची जाहिरात असते, सूची नसते. केतकरांनी ज्ञानकोशासाठी स्वतंत्र सूचीखंड काढला तो याच मराठीत. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची १९४३ साली छापून दाखवली तीही याच भाषेत. आज मात्र विचारले तर उत्तर ठरलेले असते: वेळ नाही, पैसे नाहीत आणि आता पीडीएफमध्ये शोधता येतेच की!

शोधता येत नाही, हेच तर दुखणे आहे. महंमद, महम्मद, मुहम्मद, मोहम्मद ही एकाच नावाची चार रूपे एकाच पुस्तकात भेटतात. तुम्ही एक टाइप केले की बाकीची तीन निसटतात. शोध शब्दाचा लागतो, माणसाचा लागत नाही. माणूस शोधून देणे हे सूचीचे काम आहे.

हे काम सोपे करणारे साधन फुकट उपलब्ध आहे. डोनाल्ड क्नुथ या गणितज्ञाला आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पसंत पडली नाहीत, म्हणून १९७७-७८ मध्ये त्याने ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणालीच लिहून काढली. त्यावर उभ्या राहिलेल्या ‘लाटेक’मध्ये मजकुरातल्या शब्दाशेजारी एक खूण करायची. छपाईचा मजकूर तयार होताना तो शब्द आणि त्याचा पृष्ठांक वेगळ्या फाइलीत उतरतो. ‘मेकइंडेक्स’ हा प्रोग्रॅम ती यादी क्रमाने लावतो आणि सूची पुस्तकाच्या शेवटी येऊन बसते. पाने पुढे-मागे झाली तरी पृष्ठांक आपोआप सुधारतात. चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावण्याची गरज उरत नाही.

अडचण ‘क्रमाने’ या शब्दात आहे. कुणाच्या क्रमाने?

समजा, गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावच्या एखाद्या शिक्षकाने गावाचा इतिहास लिहिला आणि सूचीचे काम संगणकावर सोपवले. अक्षरे निव्वळ युनिकोडच्या अंकांप्रमाणे लावली तर अनुस्वार सगळ्या स्वरांच्या आणि व्यंजनांच्या आधी येतो. म्हणून गंगाखेड ‘ग’च्या अगदी सुरुवातीला. आपल्या बाराखडीत ‘गं’ येतो ‘गौ’नंतर, म्हणजे गंगाखेड गोदावरीच्याही पुढे. ‘ळ’चा अंक ‘ल’ला लागून आहे, म्हणून कळमनुरी ‘कवठा’च्या आधी. वर्णमालेत मात्र ‘ळ’ असतो ‘ह’नंतर. ‘ज्ञ’ हे संगणकाच्या लेखी ज आणि ञ यांचे जोडाक्षर. त्यामुळे ज्ञानेश्वर ‘ज’मध्ये जातात आणि शेवटच्या पानावर शोधणारा वाचक हात हलवत परततो. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयातल्या वर्णमालेत ‘ॲ’ला स्वरांमध्ये जागा मिळाली, पण युनिकोडमध्ये त्याचा अंक थेट ‘ह’च्या आणि आकड्यांच्याही पलीकडे आहे. शिवाय हे अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होते. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात, सूचीत मात्र एकाच ‘ॲडव्होकेट’च्या दोन नोंदी होतात.

यात युनिकोडचा दोष नाही. अक्षरांचे अंक म्हणजे वर्णक्रम नव्हे, हे युनिकोडवाले स्वतःच सांगतात. ‘मेकइंडेक्स’ तर इंग्रजी पुस्तके डोळ्यांसमोर ठेवूनच बनले. नंतरच्या ‘झिंडी’ या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक भाषेचा वर्णक्रम वेगळा सांगता येतो. पण सांगायचा कुणी? तो आपणच सांगायला हवा.

अक्षरांचा प्रश्न एका तक्त्याने सुटेल. नावांचा प्रश्न त्याहून खोल आहे. शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, हा पाश्चात्त्य सूचीचा साधा नियम. मराठवाड्यातल्या मुस्लिम नावांना तो लावून पाहा. आमच्याकडे नाव असते ‘शेख अमुक शेख तमुक’. पहिला शेख मुलाचा, दुसरा बापाचा. नियमाप्रमाणे शेवटचा शब्द उचलला तर सूचीत मुलाऐवजी बाप जाऊन बसतो. बाईच्या नावाशेवटी ‘बेगम’ किंवा ‘बी’ आले की गावातल्या साऱ्या बायका एकाच आडनावाच्या होतात. उलट नियम लावून पहिला शब्द धरला तर निम्मे गाव ‘शेख’ आणि ‘सय्यद’ यांच्याखाली कोंबले जाते. संतांचेही तेच. ‘संत’ हा शब्द धरला तर सगळे ‘स’मध्ये. आणि गंगाखेडच्या जनाबाईंना तर आडनावच नाही.

मोठी नावेही यातून सुटत नाहीत. यू. म. पठाण, १९९० च्या पुणे साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, ‘प’मध्ये सहज सापडतील. हमीद दलवाई ‘द’मध्ये. पण श्रीगोंद्याचे शेख महंमद? ते ‘म’मध्ये गेले तर ‘योगसंग्राम’कर्त्याला कोण शोधील? आणि शाहीर अमर शेख? त्यांचे मूळ नाव मेहबूब पटेल. ‘अमर शेख’ हे लोकांनी उचललेले अखंड नाव. त्याचे तुकडे करून ‘शेख, अमर’ लिहायचे की ‘अ’मध्ये आहे तसे ठेवायचे? माझे मत ‘अ’च्या बाजूने, आणि ‘शेख’ व ‘पटेल’ यांच्याखाली ‘पाहा : अमर शेख’ अशी पाटी. दुसऱ्या संपादकाचे मत वेगळे असेल. पण ते मत माणसाने घ्यावे, प्रोग्रॅमने नव्हे.

म्हणूनच मराठीला स्वतःचे मॅक्रो पॅकेज हवे. मॅक्रो म्हणजे वारंवार लागणाऱ्या आज्ञांची एकदाच बांधून ठेवलेली मोळी. त्यात फार काही नको. व्यक्ती, गाव आणि विषय यांसाठी तीन वेगळ्या आज्ञा. व्यक्तीच्या आज्ञेत छापायचे नाव आणि लावायचे नाव यांना वेगळे रकाने. ‘मेकइंडेक्स’मध्ये ही सोय पहिल्यापासून आहे, फक्त प्रत्येक नोंदीला दोन्ही रूपे हाताने लिहावी लागतात. ते कष्ट मॅक्रोने घ्यावेत. शेख, सय्यद, हाजी, संत, ह.भ.प. यांची एक यादी, आणि त्यांतले कुठे मोजायचे, कुठे सोडायचे हे संपादकाने ठरवायचे. नावांच्या रूपभेदांचा एक तक्ता, म्हणजे चारही महंमद एका नोंदीत येतील आणि मजकुरात लेखकाने लिहिलेले रूप जसेच्या तसे राहील. गावांसाठीही तसेच. राणीसावरगाव कुणी जोडून लिहितो, कुणी ‘राणी सावरगाव’ असे तोडून, कुणी नुसते ‘सावरगाव’ शोधतो. तिघांनाही एकाच पानावर पोहोचता आले पाहिजे.

कुणी म्हणेल, हे नियम एखाद्या संस्थेने ठरवावेत, आपण कशाला? संस्थेने जरूर ठरवावेत. पण नियम ठरेपर्यंत पुस्तके थांबत नाहीत. ज्याला दोनशे पानांचे गावचे पुस्तक काढायचे आहे, त्याने आपले नियम मॅक्रोच्या फाइलीत लिहावेत आणि ती फाइल दुसऱ्याला द्यावी. पटले नाही तर त्याने बदलावी. मुद्रितशोधकाच्या डोक्यातला नियम त्याच्याबरोबर जातो, फाइलीतला मागे राहतो आणि त्यावर भांडता येते.

क्नुथच्या महाग्रंथाची सूची एकदा पाहावी. तिथे भारतीय, चिनी, अरबी लेखकांची नावे इंग्रजीबरोबर त्यांच्या मूळ लिपीतही छापली आहेत. ज्याच्या नावावरून ‘अल्गोरिदम’ हा शब्द आला तो अल्-ख्वारिझ्मी तिथे अरबीत भेटतो. अरबी नावांतला ‘अल्’ क्रम लावताना सोडून द्यायचा, हा सूचीकारांचा जुना संकेत आहे. परक्या नावाची घडण समजून घेऊन केलेला तो नियम आहे. ‘शेख’ आणि ‘सय्यद’ तर मराठीला परके नाहीत. शेकडो वर्षांपासून ते याच मजकुरात आहेत.

गावच्या इतिहासात सरदार, आमदार आणि देणगीदार सूची नसली तरी सापडतात, त्यांच्या नावाची प्रकरणे असतात. एकशे बाराव्या पानावर एकाच ओळीत आलेला पिंजारी, रझाकारीच्या दिवसांत शेजाऱ्याला घरात लपवणारी बाई किंवा शाळेला जागा देणारा अत्तार, यांच्याकडे जायला सूचीखेरीज दुसरा रस्ता नाही. त्यांची नातवंडे पुस्तक उघडतील ती शेवटच्या पानापासून. तिथे ते नाव योग्य अक्षराखाली असले, तरच ते पुस्तक त्या घराचेही आहे.