काहीही चालेल?

मैत्रिणींनो, मागच्या श्रावणात बचत गटाच्या कामासाठी आम्ही सातजणी जिल्ह्याच्या गावी गेलो होतो. बँकेतलं काम उरकेपर्यंत दोन वाजले. पोटात कावळे ओरडत होते, म्हणून समोरच्या बर्गरच्या दुकानात शिरलो. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "काय देऊ?" आणि माझ्यासकट सगळ्यांचं एकच उत्तर, "काहीही चालेल."

आमच्यातल्या एकीचा चातुर्मास होता. कांदा-लसूण बंद. तिनं बर्गर उघडून कांद्याच्या चकत्या बोटानं बाजूला काढल्या आणि मुकाट्यानं खाल्ला. टिक्कीतल्या लसणाचं काय, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. बाजारात मेथीची जुडी चारदा उलटीपालटी करणाऱ्या, दुकानदाराला पन्नास साड्या उलगडायला लावणाऱ्या आपण, स्वतःच्या खाण्याची वेळ आली की गप्प! घरात सगळ्यांचं वाढून झाल्यावर उरेल ते खायची सवय, दुसरं काय?

खरं तर मागणाऱ्यासाठी दुकानं बदलतात. गाड्यावर बटाट्याऐवजी कच्चं केळं घालून जैन पावभाजी मिळते, ती कुणीतरी मागितली म्हणूनच ना? १९९६ साली मॅकडोनाल्ड्स भारतात आलं, तेव्हा त्यांनीही गोमांस आणि डुकराचं मांस ठेवलं नाही, शाकाहारी पदार्थ वेगळे शिजवायची सोय केली. मग आपण दोन शब्द बोलायला का लाजावं?

अर्थात काय बदलता येतं, तेही समजून घ्यायला हवं. कांदा, चीज, मेयोनीज, सॉस हे बर्गर जुळवताना घालतात, ते वगळता येतं. टिक्की मात्र तयार येते, तिच्यातला मसाला कुणी काढून देऊ शकत नाही. शिवाय सांगायचं ते पैसे देण्याआधी. मागे रांग असताना, बर्गर हातात आल्यावर "अगंबाई, चीज नको होतं" म्हणायचं आणि त्या पोराटोरांवर डाफरायचं, हे काही बरं नव्हे. तीही कुणाची तरी लेकरंच.

हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न असता तर मी एवढं लिहिलंही नसतं. माझ्या भाचीला शेंगदाणा चालत नाही. एकदा मीच तिला सँडविच घेऊन दिलं. चटणीत दाण्याचं कूट असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पाच मिनिटांत पोरीचे ओठ सुजले, श्वास लागला. रिक्षात तिला मांडीवर घेऊन दवाखाना गाठेपर्यंत माझे हातपाय गळाले होते. "चटणीत दाणे आहेत का?" एवढंच विचारायचं होतं.

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. या वेळी आमची ती मैत्रीण सगळ्यांच्या पुढे उभी.

"बाळ, टिक्कीत लसूण आहे का गं?"

मुलगी आत विचारून आली. "आहे, काकू."

"मग मला नुसते बटाट्याचे फ्राइज दे. वरून मसाला नको, आणि मीठ बेतानं."

फ्राइज यायला थोडा वेळ लागला. पण गरमागरम आले.