हिरवळीचा जीर्णोद्धार

मृगाला अजून महिनाभराचा अवकाश आहे. घरोघरी पापड-कुरडयांची आणि सुटीला आलेल्या पाहुण्यांची धांदल चालू आहे. अशा दिवसांत परसाकडे लक्ष देण्यास कोणास सवड होणार, हे आम्ही जाणतो. तथापि ज्या घरामागील हिरवळीचा तुकडा विटून उजाड झाला आहे, त्या घराने तिचा विचार करावयाचा तो आताच. पाऊस सुरू झाल्यावर सुचलेला विचार पुढील वर्षावर जातो, असा बहुतेकांचा अनुभव असेल.

उजाड परसावर घरातील कर्ती मंडळी एक सोपा तोडगा सुचवितात: फरशी बसवून टाकावी. फरशी झाडावयास सोपी, हे खरे. परंतु तिच्यावर पडलेला पाऊस गटारात जातो, मातीत मुरत नाही. दुपारी ती तापते व घराच्या भिंतीही तापविते. आणि खेळता खेळता पडलेल्या मुलाचे गुडघे काय होतात, ते आईस विचारावे. एकदा घातलेली फरशी पुन्हा कोणी उकरीत नाही. म्हणून हा निर्णय घाईने घेऊ नये, एवढेच आमचे सांगणे.

बी आणण्यापूर्वी जुनी हिरवळ का गेली, याचा शोध घ्यावा. आमच्याकडील हिरवळ बहुधा हरळीची, म्हणजेच दूर्वांची. हरळीस दिवसाचे निदान सहा तास ऊन हवे. आंब्याच्या दाट सावलीत ती कितीही वेळा पेरली तरी तगणार नाही. तेथे अळू किंवा हळद लावून मोकळे व्हावे. पावसाचे पाणी साचत असेल, तर उतार चुकला आहे. खुरपे बोटभरही आत जात नसेल, तर येण्याजाण्याने जमीन दडपली आहे. कारण न शोधता पेरलेले बी म्हणजे निदानावाचून दिलेले औषध होय.

कारण कळले की कुदळीने जमीन वीतभर खणावी. या खणण्याचा मुख्य हेतु लव्हाळ्याच्या गाठी वर काढणे हा आहे. वरचे पाते उपटल्याने लव्हाळा मरत नाही, तो गाठीतून पुनः फुटतो. गाठी हाती लागतील तेवढ्या वेचाव्यात. उरलेल्या वर आलेल्यांस वैशाखाच्या उन्हात वाळू द्यावे. गाजरगवत १९५५ च्या सुमारास प्रथम पुण्यात ठळकपणे नजरेस आले व पुढे देशभर पसरले. ते फुलण्यापूर्वीच मुळासकट काढावे, आणि काढताना हातमोजे घालावेत. कित्येकांच्या अंगास त्याने पुरळ उठते.

नंतर ढेकळे फोडून दर चौरस मीटरास दोन घमेली जुने, पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. ताजे शेण घालू नये. त्यातून तणाचे बी येते. जमीन घरापासून दूर उतरती ठेवावी. शंभर फुटांस एक-दोन फूट उतार पुरतो. मग एक युक्ती करावी. पाणी शिंपून, किंवा वळवाची सर आल्यास तिच्याच आधाराने, आठ-दहा दिवस वाट पाहावी. मातीतील तण उगवून वर येईल. ते खुरप्याने वरच्यावर खरवडून काढावे. या वेळी खोल खणू नये, नाहीतर खालचे बी वर येईल. ही वाट पाहणे अनेकांस जिवावर येते, परंतु पुढील चार महिन्यांची निंदणी तिने निम्मी होते.

पेरणी देशावर जूनच्या उत्तरार्धात, मोठ्या सरींमधील उघाडीत करावी. कोकणात मुसळधार पावसाने बी वाहून जाते, म्हणून तेथे पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीस पेरावे. दर चौरस मीटरास ५ ते १० ग्रॅम बी पुरे. हे बी मोहरीहूनही बारीक असते. सबब ते चौपट बारीक वाळूत मिसळून त्याचे दोन भाग करावेत. एक भाग उभा फेकावा, दुसरा आडवा. दंताळे हलकेच फिरवून बी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये, आणि रुंद फळीने माती दाबावी. उगवेपर्यंत वरची माती सुकू देऊ नये. बारीक छिद्रांच्या झारीने दिवसातून दोन-तीनदा शिंपावे. एक ते तीन आठवड्यांत कोंब दिसतात. गवत पाच-सहा सेंटिमीटर झाले की धारदार पात्याने पहिली कापणी करावी, व एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक कधीही कापू नये.

आता पाण्याचा हिशेब. पन्नास चौरस मीटरांवर दहा मिलिमीटर पाणी द्यावयाचे, तर ५०० लिटर लागते. उन्हाळ्यात गावात टंचाई असताना ते हिरवळीवर ओतणे आम्हास शोभणारे नाही, आणि तशी गरजही नाही. रुजलेली हरळी पाण्यावाचून पिवळी पडते, मरत नाही. पहिल्या पावसाने ती पुनः हिरवी होते. तिला तेवढी विश्रांती खुशाल घेऊ द्यावी.

दुसरा हिशेब घरातील माणसांचा. हिरवळीवर खुर्च्या टाकून बसणारे पुष्कळ, आणि झारी मात्र एकट्या सुनेच्या हाती, असे एकत्र कुटुंबात सहज घडते. तसे होणार असेल तर हिरवळ न केलेलीच बरी. खणणे तरुणांनी, गाठी वेचणे मुलांनी, सकाळचे शिंपणे आजोबांनी, अशी वाटणी पेरणीपूर्वीच ठरवावी. आणि तुकडा तेवढाच मोठा ठेवावा, जेवढा सर्वांच्या हातून निभेल.

शेवटी एक विनंती. तणनाशकाची फवारणी सोपी वाटते. परंतु त्याच जागी तान्हे मूल रांगणार आहे, आणि गणेशचतुर्थीस आजी तेथूनच दूर्वा खुडणार आहेत. जूनमध्ये पेरलेली हरळी नीट सांभाळल्यास तोवर दाट झालेली असते. देवास वाहावयाच्या त्या एकवीस जुड्या निःशंकपणे खुडता याव्यात, इतकी ती भूमी स्वच्छ राखणे आपल्या हाती आहे.