संसारांतील कांहीं गोष्टी : समेटाची उमेदवारी

उन्हाळ्याची सुटी जवळ आली म्हणजे ज्या घरांत कायद्याचा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी आहे, त्या घरांत एक प्रश्न हटकून निघतो : यंदा उमेदवारी कोणाकडे करावयाची? बार कौन्सिलनें २००८ सालीं केलेल्या नियमांप्रमाणें तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांत किमान १२ आठवडे व पांच वर्षांच्या अभ्यासक्रमांत किमान २० आठवडे अशी उमेदवारी पुरी करावी लागते. मुलें तिला इंटर्नशिप म्हणतात. ती एका वर्षांत सलग चार आठवड्यांहून अधिक करतां येत नाहीं. वडील मंडळींचें उत्तर ठरलेलें असतें : एखाद्या नांवाजलेल्या वकिलाची कचेरी गांठावी, कैफियत कशी लिहितात, उलटतपासणी कशी घेतात, हें डोळ्यांनीं पाहावें. हें उत्तर कांहीं वावगें नाहीं. पण आमच्या घरच्या एका मुलीनें निराळें उत्तर दिलें, आणि त्यामुळें घरांत जो विचार सुरू झाला तो वाचकांपुढें ठेवावा असें मला वाटतें.

ही मुलगी माझी पुतणी. कायद्याच्या चौथ्या वर्षांत आहे. तिनें जिल्हा न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रांत चार आठवडे काढण्याचें ठरविलें. माझ्या थोरल्या बंधूंनीं दिवाणी वकिलींत उभा जन्म घालविला. ते जेवतां जेवतां म्हणाले, "अग, समेटाच्या खोलींत बसून तूं शिकणार काय? तेथें ना पुरावा, ना युक्तिवाद, ना निकाल." ती म्हणाली, "मोठे काका, पुरावा आणि युक्तिवाद शिकावयाला मी पुढच्या वर्षीं वकिलाकडे जाणारच आहें. नियमच तसा आहे. पण ज्या दाव्यांना निकालानें समाधान होत नाहीं त्यांचें काय करतात, तें मला पाहूं द्या." बंधु हंसले, पण त्यांनीं आडकाठी केली नाहीं.

न्यायाधीशापुढें जाण्याआधीं समेटाचा यत्न करावा, ही कल्पना आपल्या प्रांताला नवी नाहीं. पेशवाईंत वतनाचे व वाटणीचे तंटे गोतसभा व पंचायत यांपुढें येत. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननें १८१९ सालच्या अहवालांत ह्या पंचायतीचे गुण आणि दोष दोन्ही नमूद केले आहेत. १८७५ सालीं सुपें व आसपासच्या गांवीं सावकारांविरुद्ध दंगे झाले, आणि पुढें १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं जो कायदा झाला, त्यांत पुणें, सातारा, सोलापूर व तेव्हांचें अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांकरितां एक लक्षांत ठेवण्याजोगी व्यवस्था होती. शेतकऱ्यावर दावा लावण्यापूर्वीं सावकारास सलोखा करणाऱ्या नेमलेल्या गृहस्थापुढें जावें लागे, आणि सलोखा झाला नाहीं असा त्याचा दाखला घेऊनच कोर्टाची पायरी चढतां येई.

तथापि पंच आणि आजचा मध्यस्थ यांत मोठा भेद आहे. पंच निर्णय देत, आणि तो मान्य करावा लागे. मध्यस्थाला निर्णय देण्याचा अधिकारच नाहीं. दोन्ही पक्षांना आपापल्या तोंडानें बोलतें करणें व त्यांना पटेल असा मार्ग त्यांनींच शोधावा म्हणून साहाय्य करणें, एवढेंच त्याचें काम. दिवाणी प्रक्रिया संहितेचें ८९ वें कलम १९९९ च्या दुरुस्तीनें आलें व १ जुलै २००२ पासून अमलांत आलें. त्यानें न्यायालयास दावा मध्यस्थीकडे पाठविण्याचा मार्ग मोकळा करून दिला. सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं ह्या कामासाठीं एक समिति नेमली, आणि मध्यस्थांना चाळीस तासांचें शिक्षण देण्याची पद्धत पडली. पुढें २०२३ सालीं मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा झाला. त्यांत मध्यस्थीला १२० दिवसांची मुदत घातली असून उभयतांच्या संमतीनें ती आणखी ६० दिवस वाढवितां येते. मध्यस्थींतून झालेल्या करारास कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखें बळ दिलें आहे. ह्या कायद्याचीं कांहीं कलमें ९ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालीं.

आतां ह्या खोलींत विद्यार्थिनीनें करावयाचें काय? मध्यस्थी करणें हें तिचें काम नव्हे. कागद लावून ठेवणें, तारखांची नोंद करणें, आलेल्या मंडळींना कोठें बसावयाचें तें सांगणें, आणि उभय पक्षांची व मध्यस्थांची अनुमति असेल तेव्हां एका बाजूस बसून मुकाट्यानें ऐकणें, एवढेंच. मध्यस्थ प्रथम सर्वांना एकत्र बसवितात व नियम समजावून सांगतात. मग प्रत्येकाचें म्हणणें क्रमानें ऐकतात. त्यानंतर पुष्कळदां एकेका पक्षाशीं निराळें बोलतात. ह्या एकान्तांत जें सांगितलें जातें तें सांगणाराच्या परवानगीवांचून दुसऱ्या पक्षाच्या कानीं जात नाहीं. पुतणीच्या मतें खरें शिक्षण येथेंच आहे. दाव्याच्या कागदांत मनुष्य काय मागतो तें लिहिलेलें असतें. तें तो कां मागतो तें बहुधा लिहिलेलें नसतें.

आमच्या घराची मात्र मोठी निराशा झाली. कोर्टांतून ती घरीं आली कीं सर्वांचे कान टवकारलेले. कोणाचा तंटा? सुनेचा कीं भावांचा? पण चार आठवड्यांत तिनें एका पक्षकाराचें नांव सांगितलें नाहीं, गांव नाहीं, तंट्याचें स्वरूपही नाहीं. माझ्या वहिनींना तर हा अपमानच वाटला, "आम्ही काय परकीं?" असें त्या बोलूनही गेल्या. पण ह्यांत मुलीचा कांहीं आडमुठेपणा नव्हता. सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं मोतीराम विरुद्ध अशोक कुमार ह्या प्रकरणांत स्पष्ट सांगितलें आहे कीं, तडजोड झाल्यास मध्यस्थानें केवळ सह्या झालेला करारनामा न्यायालयाकडे पाठवावा, आणि न झाल्यास मध्यस्थी निष्फळ झाली एवढेंच कळवावें. आंत काय बोलणें झालें तें न्यायाधीशासही कळवूं नये. २०२३ च्या कायद्यांतही गुप्ततेचें स्वतंत्र कलम आहे. जें न्यायाधीशानें ऐकूं नये तें आपण भात कालवतांना ऐकावें, ही अपेक्षाच अयोग्य होय. एकत्र कुटुंबांत गुपित राखणें म्हणजे मायेंत उणें, असें आपण समजतों. त्या मुलीच्या मौनानें आम्हां सर्वांना एक नवा धडा मिळाला.

तिनें त्या खोलींतली गोष्ट सांगितली नाहीं. पण तेथली रीत मात्र घरीं आणली. आमच्या कोंकणांतील घराचा प्रश्न बरींच वर्षें लोंबकळत पडला होता. दोघे भाऊ आणि आम्ही दोघी बहिणी. २००५ च्या दुरुस्तीनें हिंदु कन्येला वडिलोपार्जित मिळकतींत जन्मतः पुत्रासारखाच हक्क मिळाला, आणि ९ सप्टेंबर २००५ रोजीं वडील हयात नसले तरी तो बुडत नाहीं असें सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं ठरविलें. बंधूंना हें सर्व ठाऊक होतें. तरी बहिणी हक्कसोड करून देतील असें घरांत सर्वांनीं गृहीत धरलें होतें, आणि कागदही लिहून तयार होता. त्यांत लबाडी नव्हती, चाल होती. पुतणीनें एका रात्रीं इतकेंच विचारलें, "मोठे काका, आत्यांना कोणीं एकेकीला वेगळें विचारलें आहे का?" कोणींच विचारलें नव्हतें. "मग तूंच विचार," असें बंधु म्हणाले, तेव्हां तिनें मान हलविली. "मी घरचीच, बाबांचा हिस्सा तो उद्यां माझा. मला मध्यस्थ होतां यावयाचें नाहीं."

शेवटीं बंधूंचे एक वृद्ध स्नेही, ज्यांचा आमच्या मिळकतीशीं कांहींएक संबंध नव्हता, ते आम्हां चौघांशीं निरनिराळे बोलले. माझ्या धाकट्या बहिणीला पैसा नको होता, पण आईचें देवघर असलेली ओटीकडची खोली विकली जाऊं नये असें तिच्या मनांत होतें; सर्वांसमोर तिनें तें कधींच काढलें नसतें. धाकट्या बंधूंना घर विकावयाचें होतें, कारण कौलें शाकारण्याचा खर्च वर्षानुवर्षें त्यांच्या एकट्याच्या शिरावर होता. मला माझा हिस्सा माझ्या नांवानें राहावयास हवा होता. त्याचें काय करावयाचें तें मी पुढें ठरवीन. हक्कसोडीचा तो कागद बंधूंनीं स्वतःच्या हातानें फाडला. आतां खर्च चौघांत वांटला आहे, घर पांच वर्षें विकावयाचें नाहीं असें ठरलें आहे, आणि तसा लेख करण्याचें काम चालू आहे. कोणाचें समाधान पुरतें झालें असें मी म्हणत नाहीं. परंतु कोणाचें तोंड बंद राहिलें नाहीं. हें सर्व मी तिघांच्या संमतीनेंच लिहीत आहें.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. समेट हा शब्द आपल्या घरांना फार गोड वाटतो, आणि म्हणूनच त्याचा दुरुपयोगही सहज होतो. "घरांतलें घरांत मिटवा" असें म्हणून मारहाण सोसणाऱ्या सुनेला परत पाठविणें म्हणजे मध्यस्थी नव्हे. सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालींच ॲफकॉन्स प्रकरणांत, गंभीर स्वरूपाच्या फसवणुकीचे आरोप, फौजदारी गुन्हे अशा कांहीं बाबी ह्या मार्गास अयोग्य म्हणून वेगळ्या काढल्या आहेत. जेथें एक पक्ष दुसऱ्याच्या भयानें बोलत नाहीं तेथें सही मिळते, पण संमति मिळत नाहीं. उठून जाण्याची मोकळीक ज्याला आहे त्याच्याच होकाराला किंमत. आमच्या पुतणीनें दैनंदिनींत पहिल्या आठवड्याच्या अखेरीस हाच विचार लिहिला होता, व तेवढें पान तिनें आम्हांस वाचावयास दिलें.

म्हणून ज्या घरांत कायद्याचीं मुलें आहेत त्यांना माझी विनंति अशी कीं, वकिलाच्या कचेरींत त्यांना अवश्य पाठवा, पण चार आठवडे ह्या खोलींतही बसूं द्या. जवळच्या न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रांत किंवा जिल्हा विधि सेवा प्राधिकरणांत चौकशी करावी. महाविद्यालयाचें पत्र बरोबर असावें. आणि मूल संध्याकाळीं घरीं परत आलें म्हणजे त्याला पाणी द्यावें, चहा द्यावा, थकलास का म्हणून विचारावें. आज तेथें काय झालें, हें मात्र विचारूं नये.