राज्य कोण घेणार?

झुडपात हात घालून उभी असलेली मुलगी दिसली की मुंबईत कोणीतरी थांबतंच. ‘काय हरवलं का, ताई?’ ‘हो काका, किल्ली पडली.’ सहा वर्षं मी हेच उत्तर देत आलेय. खरं उत्तर असं आहे: कोणा अनोळखी माणसाने इथे एक डबी लपवलीय, तिचे अक्षांश-रेखांश माझ्या फोनमध्ये आहेत, ती सापडली की आतल्या कागदावर मी माझं नाव लिहिणार आणि डबी होती तशी परत ठेवून घरी जाणार. बक्षीस काहीच नाही.

याला जिओकॅशिंग म्हणतात. २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली गडबड बंद केली. तोवर शंभर मीटरपर्यंत चुकणारी यंत्रं रातोरात अचूक झाली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक बादली अर्धवट पुरली आणि तिचा पत्ता आकड्यांत जाहीर केला. आज जगभरात अशा तीस लाखांहून जास्त जागा आहेत. जागेच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय पुरायला मात्र आता बंदी आहे.

लहानपणी जोगेश्वरीच्या चाळीत आम्ही डबा ऐसपैस खेळायचो. एकजण डबा लांब फेकायचा, बाकीचे पळून लपायचे आणि ज्याच्यावर राज्य, तो डबा आणून जागेवर ठेवायचा, राखायचा आणि सगळ्यांना शोधायचा. लपायला सगळे तयार, राज्य घ्यायला कोणीच नाही. तरी कोणीतरी घ्यायचंच, कारण त्याशिवाय खेळ सुरूच व्हायचा नाही. जिओकॅशिंगमध्ये शोधायला सगळे तयार असतात; राज्य असतं ते डबी राखणाऱ्यावर. माझं म्हणणं एवढंच आहे की मुंबईत हा खेळ टिकायचा तर नवे शोधणारे आणून भागणार नाही, राज्य घेणारे लागतील. आणि आपण बहुतेकजण ते चुकवतोय. आपण म्हणजे आधी मी.

माझा हिशेब मांडते. शोधलेल्या डब्या १३७. लपवलेल्या शून्य. सांभाळलेल्या शून्य. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण मी शाळेत पाठ केली होती, ती कोणाबद्दल आहे हे एवढ्यात कळलं.

गोरेगावच्या बाजूला एका टेकडीच्या वाटेवर एक डबी होती. एका जुलैत मी तिथे अर्धा तास चिखल तुडवला, पण ती सापडली नाही. अशा वेळी ॲपमध्ये ‘सापडली नाही’ अशी नोंद करायची असते. मी केली नाही. हसऱ्या चेहऱ्यांच्या रांगेत एक पडलेला चेहरा मला नको होता. नंतर समजलं, माझ्याच ऑफिसातले दोघं माझ्याआधी तिथून रिकाम्या हाताने परत आले होते. त्यांनीही नोंद केली नव्हती. मग आणखी एकाने मालकाला न विचारता खिशातली दुसरीच डबी तिथे टाकली आणि ‘सापडली’ असं लिहून मोकळा झाला. मालकाच्या दृष्टीने सगळं झकास चाललं होतं. पुढच्या पावसात त्या बदली डबीत पाणी शिरलं, कागदाचा लगदा झाला, तक्रारी यायला लागल्या. मालक तोपर्यंत गाव सोडून गेले होते. तपासनिसाने वाट पाहिली आणि डबी कायमची बंद केली. मी मालकांना लिहिलं, ‘मी सांभाळू का?’ त्यांनी छान उत्तर दिलं, पण उशीर झाला होता. चालू डबी दुसऱ्याला दत्तक देता येते, बंद झालेली नाही.

ती डबी कोणी चोरली नाही. आमच्यातल्या एकानेही वेळेवर खरं लिहिलं असतं तर ती वाचली असती.

आता आपल्या सबबी बघू. पहिली: ‘मी प्रीमियमचे पैसे भरते.’ भरते ना, मीही भरते. ते पैसे सिॲटलच्या कंपनीला जातात, त्यातून वेबसाइट आणि ॲप चालतं. डबी विकत घेणारा, भर उन्हात तिचा कागद बदलणारा आणि नवी डबी नियमात बसते का हे तपासणारा, या तिघांना पगार नसतो. ॲप म्हणजे मैदानाचं फाटक. फाटकाचं तिकीट काढलं म्हणून राज्य चुकत नाही.

आपण सॉफ्टवेअरवाल्यांना हे नवीन नाही. २०१४ साली हार्टब्लीड उघडकीला आला तेव्हा जगाला कळलं की अर्ध्या इंटरनेटचं कुलूप असलेलं ओपनएसएसएल मूठभर माणसं सांभाळत होती आणि त्यांना वर्षाला मिळणाऱ्या देणग्या होत्या जेमतेम दोन हजार डॉलर. वापरणाऱ्यांत जगातल्या बड्या कंपन्या होत्या. प्रत्येकाला वाटत होतं, कोणीतरी बघत असेलच.

दुसरी सबब जास्त वजनदार आहे: ‘मुंबईत डबी ठेवायची म्हणजे पोलिसांना आमंत्रण.’ ही मी हसण्यावारी नेणार नाही. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, त्यातला एक जोगेश्वरीला. मी तेव्हा शाळेत होते. बेवारस वस्तूला हात लावू नका, हे आमच्या पिढीने बाराखडीबरोबर शिकलंय. पण मग त्या शब्दाकडेच नीट बघा. बेवारस म्हणजे जिला वारस नाही. जिचा मालक येऊन बघतो, जिच्यावर ती काय आहे हे लिहिलंय, जिच्याबद्दल वॉचमनला माहीत आहे, ती डबी बेवारस नाही. मालक निघून गेलेली, फुटकी, कोणीतरी गुपचूप टाकलेली डबी मात्र पूर्णपणे बेवारस आहे. इतर शहरांत देखभाल न करणं हा आळस असेल. इथे तो धोका आहे, शेजाऱ्यांच्या जिवाला घोर आहे. म्हणून या सबबीचा अर्थ ‘डबी नको’ असा होत नाही. डबी ठेवा तर वारस होऊन ठेवा, एवढाच होतो.

तिसरी सबब वेळेची. तिला उत्तर देत नाही. १३७ वेळा वेळ मिळाला होता.

मग करायचं काय? सगळ्यांनी उठून डब्या लपवा, असं मी मुळीच म्हणत नाही. न सांभाळलेल्या दहा डब्यांपेक्षा सांभाळलेली एक बरी. सापडली नाही तर तसं लिहा. डबी फुटलेली दिसली तर मालकाला कळवा, आपली दुसरी टाकू नका. ओळखीचं कोणी शहर सोडून चाललं असेल तर जायच्या आधी त्यांची डबी दत्तक मागा. ठेवायचीच असेल तर डबी पारदर्शक हवी, वर स्पष्ट चिठ्ठी हवी, जागेच्या मालकाची परवानगी हवी. स्टेशन, पूल, सरकारी इमारती यांच्या आसपासही नको. पावसाळ्याआधी एक फेरी आणि नंतर एक. आमची जोगेश्वरीची लेणी संरक्षित स्मारक आहेत, तिथे डबी ठेवायचा विचारही करू नका. पण अंधेरीतल्या गिल्बर्ट हिलसारख्या, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बसाल्टच्या खांबांसाठी अर्थकॅश हा प्रकार आहे. त्यात डबी नसतेच. तुम्ही भूगर्भाचा धडा लिहायचा, येणाऱ्याने खडक बघून प्रश्नांची उत्तरं पाठवायची. धडा लिहायला अभ्यास लागतो, उत्तरं तपासायला वेळ लागतो. म्हणजे राज्य तिथेही आहेच.

गडांवर रविवारी पाण्याची टाकी उपसायला जाणारी मुलं आपल्यातलीच आहेत. श्रमदान हा शब्द आपल्याला कोणी शिकवायला नको. फक्त तो गडावरून खाली, गल्लीत उतरवायचा आहे.

गेल्या महिन्यात मी सोसायटीच्या सेक्रेटरी काकांकडे गेले. कुंपणाबाहेर पेरूचं झाड आहे, त्याला एक डबी बांधायची आहे, असं सांगितलं. खेळ समजावून सांगितला. त्यांनी चष्मा काढून विचारलं, ‘ते सगळं ठीक, पण जबाबदारी कोणाची?’

‘माझी.’

‘लेखी द्या.’

दिलं. मग फाटकावर जाऊन वॉचमन काकांना ती डबी उघडून दाखवली. ‘झुडपात कोणी हात घालताना दिसलं तर विचारा, किल्ली हरवलीय का,’ मी म्हणाले. ‘आणि हो म्हणाले, तर पेरूचं झाड दाखवू नका.’

राज्य माझ्यावर आहे. शोधायला या. आणि सापडली नाही, तर तसं लिहा.