पुण्याचा नळ आणि आपली चारी : मोजमाप दोन्हीकडं नाही



खोडव्याला बारं देऊन आत्ता घरी आलो. रात्री अकराला लाईट आली, पहाटे साडेपाचपर्यंत दारं धरत होतो. कालव्याचं आवर्तन लांबलंय, त्यामुळं सध्या विहिरीवरच चाललंय. आपल्या दौंड तालुक्यात टेलला जमीन असणाऱ्याला हे काही नवीन नाही.

परवा पारावर चर्चा निघाली. "पुणेकर आपलं पाणी पितात, गाड्या धुतात, आणि आपला ऊस वाळतो. मोर्चा काढायचा." मी म्हणालो, मोर्च्याला मी येतो. पण फलकावर आणखी एक मागणी लिहा. ती ऐकल्यावर निम्मी माणसं गप्प झाली आणि दोघं-तिघं रागावले. ती मागणी काय, ते सांगायलाच आज लिहितोय. जरा लांब झालंय, पण शेवटपर्यंत वाचा आणि मग शिव्या घाला.

आधी धरणाचा हिशोब. खडकवासला साखळीत चार धरणं. उपयुक्त साठा असा : वरसगाव 12.82 टीएमसी, पानशेत 10.65, टेमघर 3.71 आणि खडकवासला 1.97. बेरीज 29.15 टीएमसी. एवढ्यावर पुणे शहर पण आहे आणि हवेली, दौंड, इंदापूरची शेती पण. शहराला मंजूर कोटा बरीच वर्षं साडेअकरा टीएमसी होता. प्रत्यक्ष उचल त्याच्या कितीतरी पुढं गेली. यावरून दरवर्षी कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत वाद होतो आणि उन्हाळी आवर्तन एक की दोन, यावर येऊन थांबतो.

आता साडेअकरा टीएमसी म्हणजे किती? एक टीएमसी म्हणजे साधारण 2832 कोटी लिटर. शहरातल्या माणसाला दिवसाला 135 लिटर हे सर्वसाधारण प्रमाण धरतात, मोठ्या शहराला 150 सुद्धा धरतात. आपण 135 धरू. साडेअकरा टीएमसीला 365 दिवसांनी भागलं तर रोजचं 89 कोटी लिटर येतं. त्यात 66 लाख माणसांचं भागतं. कॅल्क्युलेटर घेऊन बघा. 2011 च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या 31 लाखांच्या आसपास होती. नंतर 2017 ला 11 गावं आणि 2021 ला 23 गावं हद्दीत आली, माणूस वाढला, हे खरं. तरी कोटा काही अगदीच तोकडा नव्हता.

मग पुरत का नाही? शंभर लिटरमधलं चाळीस लिटर वाटेतच जातं, असं पालिकेच्या बाजूनंच अनेकदा सांगितलं गेलंय. जुन्या लाइनी, गळके जोड, चोरून घेतलेले कनेक्शन. शंभरातलं चाळीस गेलं तर 66 लाखांचं पाणी 40 लाखांनाच पुरतं. म्हणजे धरण तेवढंच, पण 26 लाख माणसांचं पाणी जमिनीत.

दुसरी गोष्ट पाणीपट्टीची. पुण्यात घरगुती पाणीपट्टी आजवर मुख्यतः मिळकतीच्या करपात्र मूल्यावर लागत आली. घर किती भाड्याचं, यावर पट्टी. नळातून किती पाणी घेतलं, यावर नाही. दोन माणसांनी जपून वापरलं काय आणि शेजारच्यानं पाइप लावून रोज अंगण धुतलं काय, पट्टी तीच. जपणाऱ्याला बक्षीस नाही, उधळणाऱ्याला दंड नाही. समान पाणीपुरवठा योजनेत मीटर बसवायचं काम काही वर्षं चालू आहे. चांगलं आहे. पण मीटर बसवणं वेगळं आणि मीटरप्रमाणं बिल हातात येणं वेगळं.

आता इथपर्यंत वाचून आपली मंडळी म्हणतील, बरोबर लिहिलंस. थांबा. आता आपल्याकडं या.

आपण सात नंबर फॉर्म भरतो. त्यात काय लिहितो? गट नंबर, पीक, क्षेत्र. पट्टी लागते ती पिकावर आणि क्षेत्रावर. ऊस एवढं हेक्टर, गहू एवढं हेक्टर. चारीतून पाणी किती घेतलं, हे मोजलं जात नाही. वाफसा बघून पाणी दिलेल्याला आणि दार उघडं टाकून झोपलेल्याला पट्टी तीच. म्हणजे पुणेकर घराच्या मूल्यावर पैसे भरतो, आपण पिकाच्या क्षेत्रावर. पाण्यावर दोघंही भरत नाही. ज्या रोगाला आपण शहरात नावं ठेवतो, तोच रोग आपल्या चारीत आहे.

मी काही शहाणा नाही. मी पण दार उघडं टाकून झोपलेलो आहे. एकदा सकाळी उठून बघितलं तर पाणी सरीतून बांधावर, बांधावरून ओढ्याला. ओढा वाहत होता आणि माझ्या उसाचं खालचं टोक कोरडं होतं. त्या दिवशी लाज वाटली, म्हणून मोजायला बसलो.

दोनशे लिटरचा ड्रम पंपाच्या तोंडाला लावला. 16 सेकंदात भरला. म्हणजे तासाला 45 हजार लिटर. माझ्या एक एकर उसाला सरीनं बारं द्यायला सात तास लागतात. म्हणजे एका बाऱ्याला 3 लाख 15 हजार लिटर. एकरभर तीन इंच पाणी उभं केलं तर जवळपास एवढंच होतं, कृषी अधिकाऱ्यांना विचारून खात्री केली. आठ दिवसाला एक बारं धरलं तर दिवसाला 39 हजार लिटर पडलं.

पुढच्या लागणीला तेवढ्याच एकराला ठिबक केलं. फेब्रुवारी-मार्चात रोज सरासरी 23 हजार लिटर लागलं. ऊस काही वाळला नाही, उलट तण कमी, खत मुळाशी. रोजचा फरक 16 हजार लिटर. आता याला पुणेकराच्या 135 लिटरनं भागा. 118 माणसांचं रोजचं पाणी. एका एकरात! आपल्या चारीवर सरीनं भिजणारा ऊस किती एकर आहे, ते तुमचं तुम्ही मोजा.

आता खरं बोलतो, कारण या पानावर कृषी खात्यातली आणि विद्यापीठातली माणसं पण वाचतात. ठिबकनं वाचलेलं ते पाणी धरणात परत गेलं का? नाही. त्या पाण्यावर मी शेजारचं अर्धा एकर रान भिजवलं. तुम्ही पण तेच केलं असतं. म्हणून नुसतं "ठिबक करा, पाणी वाचवा" म्हणून धरणात थेंब वाढत नाही. माझ्या वाट्याला किती पाणी, हे आधी ठरलं पाहिजे आणि ते मोजून मिळालं पाहिजे. मग वाचलं तर ते कुणाचं, हा हिशोब होऊ शकतो.

दुसरी अडचण. ठिबकला पाणी रोज लागतं आणि आवर्तन येतं महिना-दीड महिन्यानं. ज्याला विहीर नाही, त्यानं कालव्यावर ठिबक चालवायचं कसं? त्याला शेततळं पाहिजे, नाहीतर चारीवर सगळ्यांचं मिळून साठवण तळं पाहिजे. टेलच्या माणसाला आधी. हे केल्याशिवाय शेतकऱ्याला आळशी म्हणू नका.

हे होतं का? होतं. दोन उदाहरणं देतो.

पहिलं आपलं, शेतकऱ्याचं. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण आहे. तिथं टेलला ओझर भाग. पाणी पोचत नव्हतं, आपल्यासारखंच. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्रामार्फत लोकांना एकत्र केलं. 1990 नंतर टेलच्या बाजूनं पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या आणि पुढं सगळ्या प्रकल्पाचं पाणी संस्थांच्या हाती आलं. संस्थेला पाणी मोजून मिळतं, संस्था आपल्या माणसांना वाटते. ज्या टेलला पाणी पोचत नव्हतं, तिथं द्राक्षबागा आल्या. 2005 चा पाणी वापर संस्थांचा कायदा आपल्याला पण लागू आहे. घनमीटरवर पाणी घ्यायची सोय त्यात आहे. कायदा आहे, संस्था कागदावर आहेत, मोजपट्टी गाळात रुतलेली आहे. ती कुणी काढायची? मोर्चानं निघणार नाही, फावड्यानं निघेल.

दुसरं शहराचं. कऱ्हाडला लागून मलकापूर आहे, छोटं शहर. तिथं पंधराएक वर्षांपूर्वी चोवीस तास पाणी सुरू केलं आणि घरोघरी मीटर लावला. कमी वापराला कमी दर, जास्त वापराला चढता दर. लोकांना वाटलं होतं, चोवीस तास नळ म्हणजे उधळण होणार. झालं उलटं. कारण साधं आहे. पाणी ठराविक वेळीच येतं तेव्हा माणूस भीतीनं सगळी भांडी भरतो आणि दुसऱ्या दिवशी "शिळं पाणी" म्हणून मोरीत ओततो. पाणी कधीही मिळणार असेल तर साठवतो कशाला? आणि मीटर फिरताना दिसला की नळ आपोआप बंद होतो. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला 20 लिटर घालवतो. बिल आल्याशिवाय तो वायसर कुणी बदलत नाही.

आपलं पण तसंच आहे बघा. पाळी परत कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून आपण गरज नसताना शेत तुडुंब भरून घेतो. भीतीचं पाणी. शहरात हंडाभर, आपल्याकडं एकरभर.

आता सांडपाण्याचं. शहरात दिलेल्या पाण्यातलं साधारण 80 टक्के गटारातून परत येतं, असं धरतात. म्हणजे पुणं पाणी संपवत नाही, घाण करून पुढं देतं. ठरलं असं होतं की मुंढव्याच्या जॅकवेलमधून वर्षाला साडेसहा टीएमसी पाणी शुद्ध करून जुन्या कालव्याला, म्हणजे आपल्या बेबी कालव्याला द्यायचं. योजना चांगली. पण दोन गोष्टी जाहीर व्हायला पाहिजेत. एक, महिन्याला किती पाणी सोडलं. दोन, ते किती शुद्ध होतं. बीओडी किती, क्षार किती, हे चारीच्या तोंडाला फळ्यावर लिहा. शेतात क्षार साठले की जमीन चोपण होते आणि ती दुरुस्त करण्यात आयुष्य जातं. उरलेलं नदीतून भीमेला आणि भीमेतून उजनीला जातं. तिथं पण माणसंच पितात.

आता लेकीचं सांगतो. ती शहराच्या कडेला राहते. मागच्या सुट्टीत मी तिला सहज म्हणालो, "तुम्ही लोक आमचं पाणी पिता." ती म्हणाली, "आबा, आमच्या सोसायटीत टँकर येतो. महिन्याचा टँकरचा खर्च तुमच्या वर्षाच्या पाणीपट्टीएवढा असेल. तुमचं पाणी कोण पितंय, ते मला पण सांगा." मला उत्तर आलं नाही. त्या दिवसापासून मी "पुणेकर" असा सरसकट शब्द वापरायचं बंद केलं. शहरात पण हेड आणि टेल आहे. हेडला बागा धुतल्या जातात, टेलला टँकर. माझी लेक टेलला आणि मी पण टेलला. आमच्या दोघांचं भांडण लावून मधल्यामध्ये पाणी गळतंय.

म्हणून फलकावर काय लिहायचं, ते माझ्या मतानं असं :

शहराला घरोघरी मीटर आणि वापराप्रमाणं बिल. पहिला टप्पा गरिबाला परवडेल इतका स्वस्त, पुढं चढता दर. वाढीव कोटा मागायच्या आधी गळती किती कमी केली, ते दाखवा.

बांधकाम, बागा, गाड्या धुणं, याला शुद्ध केलेलं सांडपाणीच. पिण्याचं पाणी नाही.

मुंढव्याचं पाणी मोजून आणि तपासून. आकडे दर महिन्याला फळ्यावर.

आणि ज्या मागणीवर पारावरची मंडळी गप्प झाली, ती ही : आम्हाला पण चारीच्या तोंडाला मोजून पाणी द्या. एकरावर नको, घनमीटरवर द्या. टेलला साठवण तळं द्या आणि आवर्तनाच्या तारखा आधी सांगा. मग आम्ही जास्त घेतलं तर जास्त पैसे भरू.

एक जण म्हणाला, "आबा, आपल्या पायावर आपणच धोंडा का पाडून घ्यायचा? आज चालतंय ते चालू दे." मी त्याला विचारलं, चालतंय कुणाचं? हेडला तुझा ऊस उभा आहे म्हणून तुझं चालतंय. माझ्या खालच्या गटाला मागच्या उन्हाळ्यात पाणी आलंच नाही. मोजमाप नसलं की ज्याचं रान वर त्याचं पाणी आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं पाणी. शहराचा आवाज आपल्यापेक्षा कायम मोठा राहणार. मतं तिकडं जास्त, माणसं तिकडं जास्त. प्यायचं पाणी पहिलं, हा नियम पण आहे आणि तो योग्यच आहे. अशा वेळी आपल्या हातात आकडा असला तरच आपलं कुणी ऐकेल. "एवढं पाणी घेतलं, एवढं पिकवलं, एवढं वाचवलं." हे आपण कागदावर दाखवलं तर समोरच्याला पण कागद काढावा लागेल.

तोपर्यंत एक काम फुकट आहे, ते करा. दोनशे लिटरचा ड्रम घ्या, मोबाईलमध्ये सेकंद लावा आणि आपल्या पंपाचं पाणी मोजा. एका बाऱ्याला किती लाख लिटर जातं, ते खाली लिहा. पीक, जमीन, सरी की ठिबक, ते पण लिहा. शंभर जणांचे आकडे जमले तर मोर्च्याला जाताना तोच कागद घेऊन जाऊ.

पंप परत रात्री अकराला चालू करायचाय. आज दार उघडं टाकून झोपणार नाही.