विश्लेषण : निवृत्तीच्या पैशांतून प्लॅटिनमचे नाणे घ्यावे का?

काशीमीऱ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगाराच्या हाती पीएफ-ग्रॅच्युइटीची रक्कम येते आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. त्यात आता नवा सल्ला आहे : प्लॅटिनमचे नाणे घ्या. २०२५ मध्ये या धातूचा भाव दुपटीहून अधिक वाढल्याने मोह होणे स्वाभाविक आहे. पण नाणे घेण्याआधी एकच प्रश्न विचारावा : हे परत घेणार कोण?

विकताना अडचण काय?
सोन्याचे नाणे कोणताही सराफ घेतो. प्लॅटिनमचे तसे नाही. सोने १,०६४ अंश सेल्सिअसला वितळते, प्लॅटिनम १,७६८ अंशांना. गल्लीतल्या सराफाकडे ते वितळवण्याची आणि तपासण्याची सोय सहसा नसते. बीआयएसची हॉलमार्क योजनाही सोने-चांदीपुरतीच आहे. सोने-चांदी तारण ठेवून कर्ज मिळते, त्यासाठी रिझर्व्ह बँकेची नियमावली आहे. प्लॅटिनमसाठी तशी सोय नाही.

हिशेब कसा?
एक लाखाच्या नाण्यावर ३ टक्के जीएसटी, म्हणजे ३,००० रुपये. विकताना ते परत मिळत नाहीत. घडणावळ आणि विक्रीच्या वेळची कपात वेगळी. म्हणजे भाव तेवढा वाढेपर्यंत नाणे तोट्यातच.

भाव का हेलकावतो?
जगातले बहुतांश प्लॅटिनम दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींतून येते आणि मोठा वाटा वाहनांच्या धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत जातो. म्हणून मंदीत फटका बसतो. मार्च २००८ मध्ये औंसामागे २,२०० डॉलरवर गेलेला भाव त्याच वर्षी ९०० डॉलरखाली आला होता.

अमेरिकेत चालते, मग इथे का नाही?
अमेरिकेची सरकारी टांकसाळ १९९७ पासून प्लॅटिनमची नाणी काढते. ठरावीक नाणी तिथल्या करसवलतीच्या निवृत्ती खात्यात ठेवता येतात, तीही ट्रस्टीच्या ताब्यात. आपल्याकडे ईपीएफ किंवा एनपीएसमध्ये नाणे ठेवता येत नाही. त्यामुळे तिथली जाहिरात इथे लागू होत नाही.

मग घ्यायचेच नाही?
संग्रहाची हौस असेल तर जरूर घ्यावे. पक्के बिल, शुद्धतेचे प्रमाणपत्र आणि दुकानाची परत-खरेदीची अट लेखी घ्यावी. मात्र औषधपाण्याचा आणि घरखर्चाचा पैसा त्यात अडकवू नये. रात्री रुग्णालयात अनामत भरायची वेळ आली, तर कपाटातले नाणे लगेच कामी येणार नाही. बँकेतली ठेव येईल.