जामीनदाराची सही

बँकेत वीस वर्षं काढलेला माणूस दोन गोष्टींवर विश्वास ठेवत नाही : कोऱ्या कागदावरची सही आणि कर्जदारानंच लिहून आणलेली हमी. म्हणून अमेरिकेत न्यूरोसायन्सच्या पीएच.डी.ला अर्ज करायची आपल्याकडची तयारी पाहिली, की माझ्यातला बी.कॉम. खवळून उठतो.

विषय थोर आहे, वाद नाही. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी! एवढी शून्यं आम्ही फक्त बुडीत कर्जांच्या बातमीत पाहतो. तेव्हा माणूस पारखून घ्यावा हे ठीकच. त्यासाठी विद्यापीठं बहुधा तीन शिफारसपत्रं मागतात. ज्यानं पोराला फसलेला प्रयोग पुन्हा मांडताना पाहिलंय, त्यानं चार खऱ्या ओळी लिहाव्यात, एवढीच अपेक्षा.

आमची पुतणी सरांकडे गेली. सर म्हणाले, "तूच लिहून आण गं, मी सही करतो." दुसरे सरही तेच म्हणाले. तिसऱ्या मॅडम काटेकोर. त्यांनी आधी तिचं नाव विचारलं, मग तेच सांगितलं. पहिल्या पत्रात पुतणी चिकाटीची, दुसऱ्यात जिज्ञासू आणि तिसऱ्यात, रात्रीचे दोन वाजल्यामुळे, चिकाटीची व जिज्ञासू.

कळस पुढेच. अमेरिकेत १९७४ च्या कायद्यानं विद्यार्थ्याला आपली कागदपत्रं पाहायचा हक्क मिळाला. अर्जात तो हक्क सोडता येतो. सोडला की पत्र गोपनीय, म्हणून जास्त विश्वासाचं. म्हणजे स्वतः लिहिलेलं पत्र आपण वाचणार नाही, असं तिनंच लिहून द्यायचं! आमच्याकडे कर्जदाराला न ओळखणारा जामीनदार सापडला, तर आधी कारकुनाला मेमो मिळतो.

सरांना वेळ नसतो, कबूल. वर्गात शंभर पोरं. मग सरळ 'ओळखत नाही' म्हणा ना! कारण जी पोरगी खरोखर राबली, तिच्याबद्दलची खरी साक्षही याच गुळगुळीत विशेषणांत बुडते. कागद रंगवणारा पुढे. मेंदूचा पातळ काप नीट घेणारा मागे.

पोरांनो, निबंधाला झिलई देणारे क्लास सोडा. उन्हाळ्यात दोन महिने प्रयोगशाळेत काढा. आपल्या विज्ञान अकादम्या त्यासाठी फेलोशिप देतात. तुमचे हात कामात पाहिलेला एक तरी माणूस जोडा. आणि सर, तुम्ही अर्धा तास काढा. पाच हजारांच्या चेकवरची सहीसुद्धा आम्ही नमुन्याशी ताडून पाहतो. तुम्ही तर एका पोरीच्या पाच-सहा वर्षांवर सही करताय!